पहाटेचं पहिलं पाणी

चिंचेनं घासलेला पितळी नळ.

नमिताला चौथा महिना.

‘कॉर्पोरेशन आपल्याला विष पाजतंय!’ नजरबाद मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पद्मनाभ, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक.

पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. जन्मभर फळ्यावर.

कुणाचा हात लागायच्या आत भरलेलं पाणी सोवळं. नियम विहिरीच्या काळचा.

हे सगळं एकाच तांब्यात कसं पडलं ते असं. लेक नमिता माहेरी आली म्हणून पद्मनाभनं स्वयंपाकघरातला स्टीलचा नळ काढून आजोबांच्या घरचा पितळी नळ बसवला. रोज पहाटे सगळ्यांआधी उठून पहिला तांब्या भरायचा, उकळायचा, नमिताच्या उशाशी ठेवायचा. शिवाय कॉर्पोरेशनला उघडं पाडायला दोन बाटल्या लॅबमध्ये दिल्या. एक रस्त्याकडच्या मीटरपाशी भरलेली, दुसरी पहाटेच्या नळाची.

लॅबमधल्या सहना नावाच्या मुलीचा फोन आला तेव्हा त्यानं तो ऐटीत स्पीकरवर टाकला. निकाल घरभर ऐकू जायला हवा होता.

“सर, मीटरजवळचं पाणी ठीक आहे,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “नळाच्या बाटलीत शिसं जास्त आहे. जुनं पितळ का? त्यात शिसं घालायचे. रात्रभर नळात थांबलेलं पाणी आधी सोडून द्यायचं असतं.”

“आम्ही उकळतो!”

“पाणी आटतं, सर. शिसं राहतं.”

फोन ठेवल्यावर नमितानं हळूच विचारलं, “अप्पा, पहिला तांब्या रोज मलाच ना?”

“तुलाच.” बाकी घर उष्टं, उशिराचं, म्हणजे बरं पाणी पीत होतं. इतकी माया त्यानं दुसऱ्या कुणावर केली नव्हती, हे त्या मानानं बरंच झालं.

“पोटातल्या बाळाला शिसं वाईट ना?”

परीक्षेत हा प्रश्न त्यानं कधी घातला नव्हता. “फार,” तो म्हणाला.

तिच्या रक्तात शिसं निघालं. थोडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळ आजच काढा, महिन्यानं पुन्हा तपासू. पद्मनाभनं पाना घेतला. मग ग्रुपवर लिहिलं, ‘विष पाजणारा सापडला. मीच.’ ग्रुपमधल्या कृष्णमूर्तींनी न वाचताच जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला.

“अय्यो अप्पा, साकु, पुरे आता,” नमिता म्हणाली. “पाणी मी भरते.”

आधीचा स्टीलचा नळ गळत नव्हता.