मागचा दिवा

लोखंडी कपाटांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चावीबाई म्हणत. कमरेला जुडगा, जिभेला धार. त्यांना विचारल्याशिवाय स्टोअरमधला खिळाही हलत नसे. म्हणूनच साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "सायकलवाल्या बेचाळीस जणांना दिवे द्यायचेत, पुढचा नि मागचा. तुम्हीच निवडा."

बाईंना बरं वाटलं, कारण विषय त्यांच्याच घरातून निघाला होता. त्यांचा धाकटा दीर त्याच कारखान्यात रंगारी होता. पहाटपाळीला येताना धुक्यात कारखान्याच्याच ट्रकने त्याला मागून उडवलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशी झाली आणि तिच्यातून एवढंच निघालं, की सायकलला मागे दिवा नव्हता. फाटकासमोरच्या खांबावरचा दिवा वर्षभर बंद होता, हे कुणी लिहूनच घेतलं नाही.

तीन दुकानांतून नमुने आले. बाईंनी स्टोअरचं दार लावलं, दिवे मालवले आणि एकेक नमुना फळीवर पेटवून दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिला. मग तिन्ही मागचे दिवे पाण्याच्या बादलीत टाकले. शेवटी स्वतःच्या सायकलला बांधून आवारातल्या खड्ड्यांतून दोन फेऱ्या मारल्या. छप्पन्न वर्षांची बाई खड्डे शोधशोधून सायकल घालतेय, हे बघून वॉचमन हसून लोटपोट झाला.

"हसतोस काय! पुढचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून असतो, मागचा आपण दिसावं म्हणून. रस्ता सगळ्यांना पाठ आहे. जीव वाचवणार तो मागचाच."

त्यांनी निवडलेला मागचा दिवा दिसायला अगदीच साधा होता. पण तो स्क्रूने आवळून बसे, बाजूनेही दिसे आणि बादलीतही जळत राहिला.

साहेबांनी मात्र भलताच नमुना उचलला. त्याचा पुढचा दिवा मोठा, चकचकीत, कारखान्याचं नाव छापता येईल असा. मागचा म्हणजे रबराने अडकवायचं लाल बटण.

"साहेब, हा बादलीत अर्ध्या तासात विझला."

"लोक काय बादलीतून कामावर येतात, बाई?" केबिनमधले सगळे हसले. "आणि फोटोत मागचा कुठे दिसतो?"

बाईंच्या ओठावर उत्तर आलं होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या उरलेले नमुने उचलून केबिनबाहेर पडल्या.

वाटपाचा कार्यक्रम पॅकिंगच्या शेडमध्ये झाला. पहिला मान रंगाऱ्याला. तो कुबड्या टेकत पुढे आला, साहेबांनी त्याच्या हातात खोका दिला, फोटो निघाला. मग साहेब माइकवर म्हणाले, "हे दिवे आपल्या चावीबाईंनी स्वतः पारखून निवडलेत!" टाळ्या पडल्या. बाई टेबलामागे खाली मान घालून बसल्या. त्या टेबलावर प्रत्येकाने एका छापील कागदावर सही करायची होती.

रंगारी आला. त्याने खोका टेबलावर ठेवला.

"वहिनी, हा लावू कुठे? कुबडीला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

त्याने कागद अक्षर न् अक्षर वाचला. "'यापुढे अपघात झाल्यास जबाबदारी माझी.' यापुढे माझी, मग मागची कुणाची, वहिनी?"

एवढ्या लोकांसमोर खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. बाईंनाही ते कळत होतं. साहेब चार पावलांवर उभे होते.

"सही करा, भावोजी," त्या म्हणाल्या. "रांग खोळंबलीय."

त्याने सही केली. खोका तिथेच ठेवून तो निघून गेला.

महिना व्हायच्या आत एकोणीस मागचे दिवे बंद पडून स्टोअरच्या खिडकीत परत आले. काही तर वाटेतच गळून पडले होते. "छान पारखलंत हो, बाई," लोक तोंडावर म्हणू लागले. बाई मुकाट्याने ते खोक्यात टाकत.

शेवटी एका रविवारी त्या दिराच्या घरी गेल्या. जाऊ मोरीपाशी धुणं पिळत होती. आत दीर खाटेवर बसला होता. पायरव ऐकूनही त्याने मान वळवली नाही.

"मी ते दिवे निवडलेच नव्हते गं," बाई म्हणाल्या. "मी दुसरे सांगितले होते. साहेबांनी ऐकलं नाही."

जावेने चादरीला पीळ दिला. ताई म्हणायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

"मग त्या दिवशी तोंडाला काय कुलूप होतं?"

जावेने पिळलेली चादर बादलीत टाकली आणि बादली उचलली.

"सरका जरा. वाळत घालायचंय."

बाई बाजूला सरकल्या.