दोघांचा पास

धोंडिराम मिरजेला तेहतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होता. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसणाऱ्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. दिसतं ते मागं पडलेलं. "तुमाला सगळा मुलूख पाठमोराच म्हाईत," असं त्याची बायको मुक्ताबाई म्हणायची. म्हणून रिटायर झाल्यावर दोघांनी ठरवलं, एकदा पुढं तोंड करून, खिडकीत बसून लांब जायचं. किती लांब, ते लेकीनं ठरवलं. दीक्षा लग्न करून जर्मनीत गेली आणि तिकडून तिनं एक जाड टाइमटेबल पाठवलं. सगळ्या युरोपातल्या गाड्या एका पुस्तकात.

त्या पुस्तकावर नवराबायकोचा एक हिवाळा गेला. पास दोघांचा मिळून काढायचा होता. दोन महिन्यांतले कुठलेही दहा दिवस निवडा आणि कुठल्याही गाडीत बसा. दोघं सतत बरोबर राहणार असतील तर तो स्वस्त पडायचा. मुक्ताबाईची अट एकच होती. गाव आवडलं की उतरायचं, आधी काही ठरवायचं नाही.

"असं कुठं असतंय व्हय? गाडीला टायम असतो," धोंडिराम म्हणायचा.

"गाडीला असू दे. मला न्हाई."

दोघांचे पासपोर्ट आले आणि दोन महिन्यांनी मुक्ताबाई गेली. पोटात दुखतंय म्हणाली, सतरा दिवस दवाखान्यात काढले आणि संपलं.

दीक्षा फोनवर म्हणत राहिली, आबा, तुम्ही एकटे या, मे महिन्यात या. धोंडिराम हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. शेवटी अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये एका सकाळी त्यानं मनाशी ठरवलं. आज सांगलीत जाऊन पास काढायचा. आज निघाला तर जायचं. नाही निघाला तर टाइमटेबल रद्दीत घालायचं आणि पुन्हा ते नाव काढायचं नाही.

माधवनगरच्या स्टॉपवर सुभेदार लालासाहेब भेटले. ते मूळचे कोरेगावकडचे. म्हातारपणी लेकीकडं राहायला आले होते आणि दोन गल्ल्या सोडून राहायचे. वय त्र्याहत्तर, पण चालणं अजून परेडचं. मुक्ताबाईच्या पुण्यानुमोदनाला ते सगळ्यात मागं सतरंजीवर बसले होते आणि सगळी माणसं गेल्यावर उठले होते. त्यांना सांगलीत काही काम नव्हतं. तरी ते बसमध्ये चढले.

बसमध्ये त्यांनी धोंडिरामच्या हातातली वही घेतली आणि चष्मा लावून प्लॅन वाचला.

"चौदा गावं. दिवस किती?"

"धा."

"आन् आठ रात्री गाडीत? आरं गड्या, ही सहल हाय का डूटी?"

"हॉटेलचं भाडं वाचतं, सुभेदार. आणि संध्याकाळी सातनंतर गाडीत बसलं तर तो दिवस पासावर धरतच न्हाईत, दुसरा दिवस धरतात. एका दिवसात दोन दिवसांचा प्रवास हुतो." हे सांगताना धोंडिरामला जरा हुरूप आला. हा नियम त्यानं स्वतः शोधून काढला होता.

"आन् बघायचं कवा?"

"खिडकीतनं."

"रातचं?"

धोंडिराम बाहेर बघू लागला. भाड्याची गोष्ट खरी होती, पण ती सगळी खरी नव्हती. परक्या गावात दोन खाटांच्या खोलीत एकट्यानं झोपायला लागू नये, म्हणून त्यानं आठ रात्री गाडीत घातल्या होत्या.

विश्रामबागला प्रवासी कंपनीचं छोटं ऑफिस होतं. भिंतीवर युरोपचा मोठा नकाशा होता आणि टेबलाशी पूजा नावाची मुलगी बसायची. तिनं अर्ज पुढं केला. धोंडिरामनं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पासपोर्टचा नंबर लिहिला. पुढचा रकाना प्रवाशांचा होता. त्यात त्यानं लिहिलं, सेल्फ अँड वाइफ.

रेल्वेच्या नोकरीत फुकट पासाचा अर्ज वर्षातून दोनतीनदा भरावा लागतो. लग्न झाल्यापासून त्या रकान्यात त्यानं हेच लिहिलं होतं. हात आपला आपण चालला.

"काकूंचा पासपोर्ट द्या ना, काका," पूजा म्हणाली.

दोन्ही पासपोर्ट पिशवीत एकाच रबरात होते. त्यानं दुसरा काढून दिला. तिनं नंबर उतरवून घेतला.

"फोटो छान आलाय काकूंचा. इथं त्यांची सही लागेल. उद्या येतील का त्या?"

धोंडिरामनं अर्जाकडं बघितलं. आपण काय लिहिलंय ते त्याला तेव्हा दिसलं.

"पोरी, ती न्हाई आता," मागं उभे असलेले सुभेदार म्हणाले.

पूजा उभी राहिली, पुन्हा बसली. तिनं घाईघाईनं कोरा अर्ज काढला. "सॉरी काका. आपण एकट्याचा भरू. तो थोडा महाग पडतो, पण..."

"ऱ्हाऊ दे. नकोच." धोंडिरामनं मुक्ताबाईचा पासपोर्ट मागून घेतला आणि कागद पिशवीत भरले. आतून त्याला हलकंही वाटलं. सुटलो एकदाचा, असं.

"धोंडिराम, जरा हिकडं ये," सुभेदार नकाशापाशी उभे होते. "ही इटली न्हवं?"

"व्हय."

"हितं पल्याडच्या बाजूला, दर्याच्या अलीकडं एक गाव हाय. फोर्ली. तिथं गाडी जाती का?"

पूजा पुस्तक शोधायला लागली, पण धोंडिरामला पुस्तक लागलं नाही. "जाते. बोलोन्याच्या पुढं. माझ्या प्लॅनातली गाडी तिथनंच जाते, पहाटे तीन वाजून धा मिन्टांनी."

"थांबती?"

"दोन मिन्टं."

"दोन मिन्टांत काय हुतंय." सुभेदारांनी नकाशावरचं बोट काढलं नाही. "चव्वेचाळीस साली आमची पलटण हुती हितं. चिखल, पाऊस, आन् एक नदी. कोंडीबा माझ्याच गावचा, माझ्या डाव्या अंगाला हुता. लढाई संपल्यावर सरकारचं पत्र आलं, त्याचं नाव फोर्लीत दगडावर कोरलंय म्हणून. त्याची आई मरस्तवर मला इचारायची, जागा कशी हाय रं, लालासाब? मी म्हणायचो, लय चांगली हाय, आत्ती. सावली हाय." ते थांबले. "मी कुठं बघितलीया?"

चार वर्षांच्या शेजारात सुभेदारांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"एकट्याचा तर एकट्याचा पास काढ," सुभेदार म्हणाले. "जाशील तवा तिथं उतर, हात लाव आन् मला येऊन सांग. बास."

सुभेदारांनाच बरोबर न्यावं, असं धोंडिरामच्या मनात आलं. दोघांच्या पासात दुसरं नाव घालायचं म्हणजे मुक्ताबाईच्या जागेवर दुसरं माणूस बसवायचं, असं त्याला वाटत होतं. पण एकट्यानं जाऊन त्या दगडापुढं उभं राहायचं, हेही त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"मला कोंडीबा कुठं म्हाईत?" तो म्हणाला. "मी हात लावून काय करू? तुमी चला."

"मी?"

"पासपोर्ट हाय का तुमचा?"

"गेल्या खेपंला कुणी इचारला न्हवता. बोटीत घातलं आन् नेलं."

पूजा हसली, मग तिनं धोंडिरामकडं बघितलं, आणि तो रागावलेला नाही हे बघून पुन्हा हसली. "तीन महिने तरी लागतील आजोबा पासपोर्टला. मे महिन्यात नाही जमणार."

"मग पावसाळा सरता सरता," धोंडिराम म्हणाला. "गाडी रोज हाय."

"खर्चाचं मी बघतो," सुभेदार म्हणाले. "माझ्या पेन्शनीला खाणारं तोंड एकच हाय."

पलीकडच्या चौकात फोनचं बूथ होतं. जर्मनीत सकाळ असेल, असा हिशेब करून धोंडिरामनं नंबर फिरवायला सांगितला. सुभेदार काचेच्या दाराला टेकून उभे राहिले.

"दीक्षा, मे महिन्यात न्हाई येत. सप्टेंबरात येतो. पास दोघांचा काढतोय."

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू येतंय का? सुभेदार येतायत बरोबर. त्यांचं इटलीत काम हाय."

"आबा," दीक्षा म्हणाली. मग तिनं नाक ओढलं. "त्या वयाच्या माणसाला झेपेल का? त्यांना सांगा, स्वेटर घ्या. सप्टेंबरात रात्री गार असतात इकडं."

धोंडिरामनं दार ढकलून निरोप बाहेर सांगितला.

"मला सांगती व्हय ती!" सुभेदार रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात म्हणाले. "तिला म्हणावं, मी तिथला आख्खा हिवाळा काढलाय!"