काचेआडचा कोंबडा

मी एक जुना कोंबडा आहे मित्रांनो, पण मला कुणी दाणे टाकत नाही आणि पहाटे मी कुणाची झोपही मोडत नाही. मी मातीचा आहे. अंग काळं कुळकुळीत, तुरा लालभडक आणि छातीवर पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. समुद्रकाठच्या तोंडवली गावात फ्रान्सिस आणि लिंडा या नवराबायकोच्या घरात, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. आल्यागेल्याला माझी ओळख करून देतात, "हा अस्सल पोर्तुगालचा बरं का, दुकानातला नव्हे." असं ऐकलं की माझी मान ताठ होते. तशी ती भट्टीत भाजल्यापासून ताठच आहे म्हणा.

माझा जन्म पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या कुंभारणीनं मला चाकावर घडवलं. चोच तिनं चिमटीनं काढली आणि ठिपके काडीच्या टोकानं दिले. डाव्या पायाशी तिचा अंगठा उमटला होता, तो तिनं पुसला नाही. भट्टीतून निघाल्यावर तिनं मला दाराजवळच्या फळीवर ठेवलं आणि तिथे मी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. लोक यायचे, उचलून बघायचे, किंमत विचारायचे आणि परत ठेवून जायचे. शहरात माझ्यासारखे दिसणारे कोंबडे स्वस्तात मिळतात, असं ते आपापसात बोलायचे. अंगावर धूळ साचत गेली. आपलं काय चुकतंय, ते मला कळत नव्हतं.

अशात लिंडाबाई आल्या. त्यांची मुलगी रॉविना लग्न होऊन लिस्बनला राहते. तिच्याकडे त्या पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. परदेशी गेलेल्या माणसानं वाडीतल्या घराघरात काहीतरी द्यायलाच हवं, म्हणून चॉकलेटं आणि फ्रिजला चिकटवायची चित्रं त्यांनी आधीच बॅगेत भरली होती. स्वतःच्या घरासाठी मात्र त्यांना एकच वस्तू हवी होती, पण तिथल्याच मातीची आणि तिथल्याच हातांची. लिस्बनच्या दुकानांत एका तोंडवळ्याच्या कोंबड्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. लिंडाबाई प्रत्येकाला उलटा करून बघत. बुडाशी भलत्याच देशातल्या कारखान्याचं नाव दिसे आणि त्या तो खाली ठेवून देत. रॉविना कंटाळून गेली. पण बांगड्याचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय जी बाई आयुष्यात मासा घेत नाही, ती लेकीच्या कंटाळ्याला थोडीच दाद देणार!

शेवटी मायलेकी बसनं आमच्या गावापर्यंत आल्या. लिंडाबाईंनी मला उचललं. मडकं वाजवून घेतात तसं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. मग उलटं केलं, बुडाच्या भोकाला डोळा लावला, आत बोटही फिरवलं. मला गुदगुल्या झाल्या. पायाजवळचा अंगठा दिसला तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी आपला अंगठा त्यावर टेकवून बघितला. कुंभारणीची भाषा त्यांना येत नव्हती. पण ती 'मेज' म्हणाली, 'जनेल' म्हणाली, आणि हे शब्द तर त्यांच्या गोव्यातल्या माहेरचेच होते. टेबल आणि खिडकी दाखवत दोघी बराच वेळ हसत बसल्या. मित्रांनो, त्या दिवसाइतका आनंद मला पुढे कधी झाला नाही.

त्याच दौऱ्यात रॉविनानं आपल्या पहिल्या पगारातून आईसाठी एक सोन्याचं पदक घेतलं. केसाएवढ्या बारीक तारा वळून केलेलं हृदय होतं ते. ही त्या भागातल्या सोनारांची जुनी कारागिरी आहे. वजन म्हणाल तर पिसाइतकं. लिंडाबाईंनी ते गळ्यात घातलं आणि विमानतळापर्यंत सारखा हात लावून चाचपत राहिल्या.

तोंडवलीतले माझे पहिले दिवस फार सुखात गेले. मी टेबलावर उघडा उभा असायचो. जो येईल तो मला हातात घ्यायचा. सगळ्यांत जास्त घ्यायची ती कृष्णाबाई. ती पलीकडच्या वाडीतली. तिचा नवरा विठोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जातो आणि ती पाटी घेऊन दारोदार मासे विकते. आमच्या घरी मात्र ती नुसती मासेवाली नव्हती. रॉविनाच्या जन्माच्या वेळी लिंडाबाईंची शेक-शेगडी तिनं केली होती. सकाळचा फेरा झाला की पाटी मागच्या पडवीत ठेवून, हात धुऊन ती चहाला यायची आणि मला मांडीवर घ्यायची. "पावण्या, तुजो काय रस्सो होवचो नाय," असं म्हणून माझ्या पाठीवर थोपटायची. तिच्या हाताला खारा वास यायचा. मला तो आवडायचा.

एकदा कुणा पाहुण्यानं माझ्याबरोबर फोटो काढताना मला धडपडवलं आणि माझ्या तुऱ्याचा टवका उडाला. लिंडाबाई ढसाढसा रडल्या. दुसऱ्याच दिवशी सुतार आला, काचेचं कपाट झालं आणि मला त्यात बसवलं. घरात नियम झाला की कोंबड्याला कुणी हात लावायचा नाही. लिंडाबाई स्वतः मऊ कुंचल्यानं माझी धूळ झटकत, पण मला जागेवरून न हलवता. मी आणखी मौल्यवान झालो म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं. केवढा खुळा होतो मी!

आता जे घडलं ते सांगतो. फ्रान्सिसची थोरली बहीण सॅन्ड्रा याच घरात राहायची. ती शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायची. सगळं गाव तिला टीचरच म्हणे. वय झालं तशी तिची आठवण विरत चालली होती. त्या डिसेंबरात घरातली सगळी जुन्या गोव्याच्या फेस्ताला, तिथल्या चर्चच्या जत्रेला निघाली. गर्दीत गळ्यातलं ओढतात, म्हणून लिंडाबाईंनी पदक घरीच ठेवायचं ठरवलं. घर रिकामं राहणार असलं की सोनंनाणं दडवायचं काम या घरात नेहमी टीचरकडे असे. तांदळाच्या डब्यात, सोललेल्या नारळांच्या ढिगात, अशा तिच्या जागा ठरलेल्या. पण आता चोरांनाही त्या माहीत झाल्यात, असं ती स्वतःशीच पुटपुटली. बाकीची मंडळी गाडीत सामान भरत होती. टीचरनं कपाट उघडलं, मला आडवं केलं आणि माझ्या बुडातून कागदाचा बोळा ओढून काढला. प्रवासात तडा जाऊ नये म्हणून कुंभारणीनं तो वर्तमानपत्राचा बोळा माझ्या पोटात कोंबला होता. टीचरनं ते सोन्याचं हृदय आत सारलं, बोळा परत घट्ट बसवला आणि मला होतं तसं उभं केलं. समाधानानं हसून ती बाहेर गेली.

घराची चावी नेहमीप्रमाणे कृष्णाबाईकडे दिली. झाडांना पाणी घालायला आणि मांजराला दूधभात द्यायला.

मंडळी परत आली तोवर टीचरच्या मनातून ते पार पुसलं गेलं होतं. विचारलं तर म्हणाली, तू ते गळ्यात घालून गेली होतीस ना? तांदूळ पाखडले, नारळ उलथेपालथे केले, गाद्या उसवल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. हात लावायचाच नाही तिथे शोधणार कोण!

कृष्णाबाईवर कुणी आळ घेतला नाही. आळ घेतला असता तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं. फ्रान्सिस म्हणाला, शेजाऱ्यांवर पोलीस नकोत, गेलं ते गेलं. लिंडाबाईंनी फक्त गोड शब्दांत चावी मागून घेतली. मागच्या दाराला आतून कडी लागू लागली. मासे घेऊन झाले की चहाचं नाव निघेना. फोनवर रॉविनानं पदकाचं विचारलं की लिंडाबाई सांगत, बँकेत ठेवलंय गो. पण शेजारणीपाशी त्या एकदा मन मोकळं करून बसल्या आणि बोलणं वाडीभर झालं. पर्यटकांच्या खोल्या चालवणाऱ्या बायका कृष्णाबाईला स्वयंपाकघरापर्यंत येऊ देत असत, त्या आता फाटकाशीच मासे घेऊ लागल्या. काहींनी तर बाजारातून आणायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझ्या गावात एक गोष्ट सांगतात. एका निरपराध वाटसरूला चोर ठरवून फाशी द्यायला निघाले होते. तेव्हा न्यायाधीशाच्या ताटातला भाजलेला कोंबडा उठून उभा राहिला आणि आरवला, म्हणून तो वाटसरू वाचला. आम्हा मातीच्या कोंबड्यांना घडवतात ते त्या गोष्टीसाठीच. लिंडाबाईंनी ती रॉविनाकडून ऐकली होती आणि पाहुण्यांना मोठ्या हौसेनं सांगायच्या. आणि इथे माझ्यासमोर एका बाईचं नाव मातीत चाललं होतं, पुरावा माझ्याच पोटात होता आणि मला साधं कूंसुद्धा करता येत नव्हतं. मी किती जोर लावला, कुणाला सांगू? माझी चोच तर मातीची.

एके दिवशी कृष्णाबाई पुढच्या दारानं आली. पाटी नव्हती. फ्रान्सिस, लिंडाबाई, टीचर, सगळी दिवाणखान्यातच होती. कृष्णाबाई खाली बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली,

"लिंडा, चावी माज्याकडे व्हती. मगे तू माका एकदाव इचारूक नाय. माज्या तोंडार इचार. मी रागावचंय नाय."

लिंडाबाई खाली बघत राहिल्या. "तुजेर माजो संशय नाय गो," त्या म्हणाल्या. पण आवाजात बळ नव्हतं आणि ते सगळ्यांनाच कळलं.

तेवढ्यात आरामखुर्चीतल्या टीचरची नजर कपाटाकडे गेली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी आतून कासावीस झालो. टीचर म्हणाली,

"कोंबडो... कोंबड्याक सगळा म्हायत आसा."

मला वाटलं, सुटलो! पण बघा काय झालं ते. टीचरनं रविवारच्या शाळेत येशूच्या शिष्याची, पीटरची गोष्ट जन्मभर शिकवली होती. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीन वेळा नाकारशील, असं येशूनं त्याला सांगितलं होतं, ती गोष्ट. हल्ली ती असे जुने धडे मधूनच म्हणायची. फ्रान्सिसला वाटलं, बहीण पुन्हा वर्गात जाऊन पोहोचली. लिंडाबाईंना वाटलं, टीचर आपल्यालाच बोलली, जिवाच्या मैत्रिणीला तू नाकारलंस म्हणून. त्या तोंड झाकून रडू लागल्या आणि आत जाऊन त्यांनी मेणबत्ती लावली. कृष्णाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या वाडीत कोंबडा म्हणजे राखणदाराचा, गाव राखणाऱ्या देवाचा मान. म्हातारीच्या तोंडून देवानंच मागणं केलं, असं समजून तिनं टीचरच्या पायांना हात लावला आणि निघून गेली. दोन दिवसांनी तिनं सीमेवरच्या राखणदाराला आपल्या घरचा कोंबडा दिला आणि माझ्यावरचा डाग पुसून टाक म्हणून गाऱ्हाणं घातलं. दोघीही आपापल्या देवाकडे गेल्या. चार पावलांवरच्या कपाटाकडे मात्र एकही आली नाही.

फ्रान्सिसही आत गेला आणि टीचर खुर्चीत एकटीच उरली. ती आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. मग तिच्या डोळ्यांतलं ते हललेलं विझून गेलं. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

तिच्यामागे लिंडाबाई मला अधिकच जपू लागल्या. वाऱ्यानं कपाट हादरतं, कोंबडा पडेल, अशी त्यांना धास्ती. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला उचललं. कितीतरी वर्षांनी! बुडाशी परदेशी अक्षरांचा तो बोळा दिसला तशा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिकडचो कागद अजून आसा," त्या फ्रान्सिसला म्हणाल्या. "ऱ्हवांदे. हाडलंय तसोच ऱ्हवांदे." मग नळाची गळती बुजवतात तो मसाला त्यांनी माझ्या बुडाला लावला आणि मला फळीवर कायमचं चिकटवून टाकलं. मी ओरडलो हो मित्रांनो, पण मातीचं ओरडणं ऐकणार कोण?

कृष्णाबाई अजून याच रस्त्यानं जाते. "बांगडे घेवा, पेडवे घेवा" ही तिची हाक मला लांबून ऐकू येते. आमचं कुंपण आलं की ती हाक थांबते. कुंपण सरलं की पुन्हा सुरू होते. लिंडाबाई त्या वेळी हातातलं काम टाकून उभ्या राहतात. एखाद्या दिवशी दारापर्यंतही जातात, पण कडी काढत नाहीत.

तुम्हीही मोठे व्हाल, देशोदेशी जाल, अस्सल वस्तू शोधून घरी आणाल. जरूर आणा. पण त्या काचेआड कोंडू नका. त्यांना हाताळा, पुसा, पोरासोरांच्या हाती द्या. एखादा टवका उडाला तर उडू दे. जपणं म्हणजे हात न लावणं नव्हे. माणसांचंही तसंच आहे. नातं जपायचं म्हणून मनातला प्रश्न गिळून बसू नका, समोर बसवून विचारा.

आणि माझं एवढं काम करा. कधी तोंडवलीला आलात, तर या घरी या. लिंडाबाई कौतुकानं मला दाखवतील आणि हात लावू नका म्हणतील. तुम्ही लहान आहात, तुमच्यावर कुणी फार रागावणार नाही. तेवढी फळी उखडा आणि मला फोडा.