चादरीखालचा कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या भावाला कुठलीही वस्तू कंपनीने दिली तशी वापरवत नाही. कॉम्प्युटर हाती आल्यावर तर विचारूच नका. नेमून दिलेल्या वेगापेक्षा त्याने तो जास्त पळवला. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात, आणि त्या वेगाचा आकडा आल्यागेल्याला ऐकवत तो कॉलर ताठ करून हिंडायचा. पंखे मात्र असे घोंघावायचे की शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवावा लागे.

त्याच कॉम्प्युटरवर बाबा गाड्यांची शर्यत खेळू लागले. त्यांनी जन्मभर बस चालवली. पक्षाघातानंतर उजव्या हातातला जोर गेला. दाबायला दिलेला रबरी चेंडू ते खिशात टाकून विसरून जायचे. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीच सुचवलं, यांच्या हातात स्टिअरिंग द्या. भाऊ खेळाचं स्टिअरिंग घेऊन आला. बाबा रोज दुपारी दार लावून खेळायचे, आणि हळूहळू जेवताना चमचा उजव्या हातात आला. मी देवाचे आभार मानले, थोडेसे भावाचेही.

मग खेळ मध्येच बंद पडू लागला. शर्यत निम्म्यावर आली की पडदा काळा. भावाने खेळ काढून पुन्हा टाकला, ड्रायव्हर म्हणतात ती सॉफ्टवेअरं बदलली, मेमरीच्या पट्ट्या पुसून बसवल्या. स्वतः खेळून पाहिलं, तर एकदाही बंद पडेना. तेव्हा हा शहाणा म्हणाला, "बाबा, तुमच्याच हातून काहीतरी दाबलं जातंय."

स्टिअरिंग खोक्यात गेलं आणि चमचा परत डाव्या हातात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाला मी नको नको ते बोलले. सगळ्या तपासण्या पास आहेत, हा त्याचा एकच हेका. मग आमचं बोलणंच बंद झालं.

त्या आठवड्यात धुण्याचे कपडे गोळा करताना माझी कपाटातली जाड चादर कॉम्प्युटरमागे घडी करून ठेवलेली सापडली. झटकायला उलगडली, तर मधोमध धुळीचा गोल, पंख्याच्या जाळीचा अगदी स्पष्ट ठसा. मी तशीच ती घेऊन बाबांसमोर उभी राहिले.

"पंखे ओरडले की पोरगा बघायला येतो," ते म्हणाले. "हात थरथरतो गं. तो कुणी बघू नये, म्हणून आवाज झाकायचो."

भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला आणि चादरीवरच्या ठशावरून बोट फिरवू लागला. एवढा पळवलेला कॉम्प्युटर, त्यावर पांघरूण, आणि बाबांच्या शर्यती लांबलचक, कारण ते प्रत्येक वळणावर वेग कमी करायचे. तापून बंद पडेल नाही तर काय! नुसती चादर काढायला सांगूनही भागलं असतं. पण भावाने सेटिंग उघडून वेग कंपनीने दिला तेवढ्यावर आणून ठेवला. पंखे जवळजवळ गप्प झाले. लाडका आकडा गेला, त्याचं त्याला वाईट वाटलं असणार, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"तुमच्या हाताचा दोष नव्हता, बाबा," तो म्हणाला. "मीच उगाच पळवत होतो."

खोकं उघडून स्टिअरिंग त्यानेच टेबलावर बसवलं. बाबांनी आरसा बघितला, मागच्या गाड्यांना वाट दिली आणि मगच निघाले. उजवा हात थरथरत होता, पण सुटला नाही. निम्मी शर्यत गेली, आम्ही दोघं श्वास रोखून उभे. पडदा काही काळा झाला नाही. बाबा सगळ्यांत शेवटी पोचले. कुणी शेवटचा नंबर मिळवल्यावर घरात इतका आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. भावावरचा राग कधी गेला, तेही कळलं नाही.

बाबांनी लगेच दुसरी शर्यत लावली. त्यांना निवांत खेळू द्यावं, म्हणून मी बाहेर पडताना दार ओढून घेऊ लागले.

"राहू दे उघडं," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.