सूप मध्ये एकदा ढवळावं लागतं

बायको गावाला गेली की नवरे म्हणे हॉटेलं पालथी घालतात. नकाशेकाकांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि या गृहस्थांनी काय करावं? मायक्रोवेव्ह शिकून घेतला! घात झाला तो तिथेच.

नकाशेकाका म्हणजे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढणारे. कुठल्या रस्त्याखालून कुठली पाइप जाते आणि कुठे वळते, हे झोपेतून उठवून विचारा, सांगतील. पण स्वतःच्या घरात मिरपूड कुठल्या डब्यात आहे, हे त्यांना बायकोला फोन करून विचारावं लागलं. संसार इतक्या वर्षांचा, आणि माणसाला मिरपूड सापडू नये! बायको फोनवर इतकी हसली की पलीकडे नुकतं झोपलेलं बाळ उठलं.

सुरुवातीला ते बाहेरचंच खात होते. आठवड्याभरात पोट आणि पाकीट दोन्ही कुरकुरायला लागले. मग बायकोने फोनवरून त्यांची शाळा घेतली. रविवारी भाज्या चिरून डब्यांत भरायच्या आणि फ्रीजरमध्ये टाकायच्या. मसूर रात्री भिजत घालायची. सकाळी काचेच्या वाडग्यात मसूर, किसलेलं गाजर आणि पाणी, पण वाडगा अर्धाच भरायचा, नाहीतर डाळ उतू जाऊन सगळा मायक्रोवेव्ह पुसत बसावं लागतं. वर ताटली झाकायची. मीठ शेवटी, लिंबू त्याच्याही शेवटी. काकांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात उकडलेलं अंडं अख्खं मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला ठेवलं. धडाम्! हिशेबनीस बाई जागेवरून ओरडल्या, "अहो, बॉम्ब आणलाय का डब्यातून?" काका तासभर आतून बलक खरवडत होते. संध्याकाळी बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "अंडं झकास झालं होतं."

खोटं बोलण्याची सुरुवात ही अशी बारीकशीच असते. बिचारीला इतक्या लांब कशाला काळजी, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता, त्याला नावं ठेवायची नाहीत.

ऑफिसातल्या पँट्रीची एक रीत होती. मायक्रोवेव्ह एकच, खाणारी तोंडं भरपूर. म्हणून सगळ्यांनी आपापले डबे ओट्यावर रांगेत लावायचे आणि जागेवर जाऊन बसायचं. ज्याचा डबा झाला त्याने तो काढताना पुढच्याचा आत ठेवायचा. माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे उभे राहत. वेळ वाचायचा, भांडणं नव्हती, सगळं छान. फक्त कुणी कुणाला भेटत नसे. जो तो आपला गरम डबा घेऊन आपल्या स्क्रीनसमोर बसणार, एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात फोन.

काका मात्र वाडग्याजवळ उभे राहत. कुणी विचारलंच तर म्हणत, "सूप आहे ना, मध्ये एकदा ढवळावं लागतं." ते खरंही होतं. सूप कडेने उकळतं आणि मधे गार राहतं, ढवळलं नाही तर चालत नाही. पण ढवळायला किती वेळ लागतो? काका आपलं झालं तरी उभे, दुसऱ्याचं होईपर्यंतही उभे. डबा न्यायला येणाऱ्याला विचारायचं, "आज काय आणलंय?" तो म्हणणार, "कालचंच," आणि निघून जाणार. तेवढ्यावर काकांचा दिवस भागायचा. भागायचा म्हणजे, भागवायचे.

तिकडे बायकोचं येणं लांबत चाललं होतं. आधी म्हणाली, बाळ मान धरू लागलं की येते. मग म्हणाली, बसायला लागलं की येते. मग रांगायला लागलं की. बाळ गुणी, सगळं वेळच्या वेळी करत होतं. आजीच तेवढी गाडीत बसत नव्हती.

आणि काका काय करत होते? रोज सूपचे फोटो पाठवत होते! आज मटार आणि पुदिना. आज कोबी, गाजर आणि मूठभर ओट्स, पोटभरीचं. आज भोपळा वाफवून, काट्याने चेचून, वरून दूध आणि मिरपूड. फोटोही कसे, वाडगा खिडकीच्या उजेडात, शेजारी चमचा सरळ रेषेत. नकाशे काढणारा हात तो, वाकडा कसा ठेवणार? डॉक्टरांनी साखर खाली आली म्हणून सांगितलं, तेही त्यांनी लगेच कळवलं. लेकीने लिहिलं, "बाबा, तुम्ही तर आईलाही मागे टाकलंत!" काकांची छाती फुगली. त्यांचा हिशेब साधा होता: आपण नीट राहतोय हे बघून ती खूश होईल, आणि खूश झालेली बायको लवकर घरी येईल. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण सांगणार कोण? सांगायला घरात दुसरं माणूस कुठे होतं?

त्या दुपारी भोपळ्याचं सूप आत फिरत होतं आणि फोन वाजला. बायको कधी ऑफिसच्या वेळात फोन करत नसे.

"अगं, बाळ बरं आहे ना?"

"सगळे बरे आहेत. अहो, लेकीला पुन्हा कामावर बोलावतायत. ती म्हणते, आई, अजून एक वर्ष राहा, मग बाळाला पाळणाघरात ठेवू. आज तिला साहेबांना कळवायचंय. काय सांगू तिला?"

रांगेतले डबे ओट्यावर तसेच होते. स्वागतकक्षातली मुलगी आपला डबा न्यायला दारात येऊन उभी होती. मायक्रोवेव्ह घूं घूं करत होता. एक वर्ष! काकांनी ओट्यावरचा चमचा सरळ केला.

"राहा की," ते म्हणाले. "माझं काय अडतंय? माझं उत्तम चाललंय. आज भोपळ्याचं केलंय, फोटो पाठवतो."

"बरं," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

मायक्रोवेव्ह वाजून थांबला. काकांनी वाडगा काढला, ढवळला, पुन्हा आत ठेवला. थोडं सूप ताटलीवर सांडलं. मुलगी बघत होती. ती तशी फार बोलणारी नव्हती, पण त्या दिवशी बोलली.

"काका, तुम्ही काकूंशी खोटं का बोललात?"

"खोटं? मी? भोपळ्याचंच आहे, चाखून बघ हवं तर!"

"सूपचं नाही म्हणत मी. तुम्ही इथे ढवळायला उभे राहता की बोलायला, हे आख्ख्या ऑफिसला माहीत आहे."

काका गोरेमोरे झाले. इतके महिने त्यांना वाटत होतं, कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांच्या लक्षात होतं, आणि तरी सगळे "कालचंच" म्हणून निघून जात होते. या दोन्हींतलं जास्त काय लागलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलीलाही आपण भलतंच बोलून गेलो असं वाटलं असावं. "सॉरी हं," म्हणत ती आपला डबा गरम न करताच घेऊन गेली.

काका वाडगा घेऊन जिन्यात गेले. तिथे कुणी येत नसे, सगळे लिफ्टने जात. पायरीवर बसून त्यांनी फोन लावला. बायकोने उचलला, आणि तिने हॅलो म्हणायच्या आत हे सुरू झाले.

"हे बघ, मला एकट्याला जेवण जात नाही."

"का? बिघडलं का सूप? दूध फाटलं?"

"सूप झकास आहे गं! तेच तर सांगतोय. झकास होतं आणि कुणाला म्हणून सांगायचं? घरी गेलो की टीव्ही लावतो, तोही बघत नाही, नुसता आवाज हवा म्हणून. मला कंटाळा आलाय. तू ये."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," बायको म्हणाली. "अहो, दहा मिनिटं आधी बोलायला काय झालं होतं? लेकीने साहेबांना फोनसुद्धा केला. उड्या मारत होती पोर. आता तिला नाही कसं म्हणू?"

"मग तू तरी म्हणायचंस, मी येते म्हणून!"

"मी म्हणू?" आता मात्र ती चिडली. "तुम्ही तिकडे भोपळे चेचताय, फोटो पाठवताय, साखर खाली आली म्हणून सांगताय, आणि मी म्हणू येते? कशाला येते, भांडी घासायला? रोज वाट बघायची मी, आज तरी म्हणतील, अगं मीठ जास्त झालं, अगं काही जमत नाही, ये आता. बॅग भरून ठेवली होती. गेल्या रविवारी रिकामी केली आणि कपडे इथल्या कपाटात लावले."

आजवर केलेला एकूणएक वाडगा काकांच्या डोळ्यांसमोर आला. इतकं निगुतीने त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं, आणि त्यातल्या प्रत्येकाने बायकोला थोडं थोडं लांब ढकललं होतं.

"तू जेवलीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही अजून. लेक आणि जावई आत्ताच कामाचं बघायला गेलेत, बाळ झोपलंय. मी रोज अशीच जेवते, ओट्याशी उभी राहून. बसायला कुणासाठी बसायचं?"

"मग घे वाढून. बस खाली. मीही बसलोय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चमच्याचा. काकांनीही पहिला घास घेतला. सूप कोमट झालं होतं. दोघंही फारसं बोलली नाहीत. ती म्हणाली, भात कोरडा झालाय. ते म्हणाले, माझंही गार आहे. ती म्हणाली, सावकाश जेवा हो, तुम्हाला भराभर खायची सवय आहे. वर्षभर हे असंच करायचं, असं दोघांनीही ठरवलं नाही आणि नको असंही कुणी म्हटलं नाही.

तेवढ्यात तिकडे बाळ उठून रडायला लागलं. "आले गं आले," म्हणत ती घाईने उठली, आणि फोन बंद झाला. काकांचं अर्धं सूप अजून उरलं होतं. त्यांनी ते खाऊन टाकलं, वाडगा रुमालाने पुसला, आणि नकाशा अर्धा राहिला होता म्हणून जागेवर परत गेले.