वगळलेला कॉलम

“ताई, नव्या मशीनचे आकडे कधी कधी डावीकडची जागा खातात. रेषा पक्क्या करायच्या आधी खालपर्यंत बघून घेऊ या का?” नवीने तिला विचारलं.

तिने उत्तराऐवजी माउस आपल्याकडे ओढला.

“तू वहीत समास आखत होतीस तेव्हापासून मी हे करतेय,” असं म्हणत तिने शेवटची रेषा जागेवर सोडली.

नवी हसली. या मुलीला राग येत नसे, हेच खरं दुखणं होतं.

काम तसं साधं. तान्ह्या बाळांच्या रक्तातला पिवळेपणा मोजणारं मशीन रोज अकराला एक मजकुराची फाइल पाठवी. तिच्यात ना स्वल्पविराम, ना चौकटी. प्रत्येक गोष्टीला मोजून दिलेली जागा. आईचं नाव, बाळाचं वय दिवसांत, नळीचा नंबर आणि शेवटी आकडा. मध्ये नुसती पोकळी. ही फाइल स्प्रेडशीटमध्ये घेताना कुठे तोडायचं ते माणसाने सांगावं लागे. पडद्यावर पहिल्या दहा ओळी दिसत. त्यांच्यामधून उभ्या रेषा ओढायच्या, नळीच्या नंबरचा कॉलम वगळायचा, की झाली यादी. बाळांचं रक्त देऊन आया तोवर घरी गेलेल्या असत. कुठल्या बाळाला तातडीने परत बोलवायचं, ते या यादीवरून ठरे. आकडा फार चढला की बाळ रडत नाही, नुसतं झोपून राहतं आणि दूध सोडतं.

रजेवर जाण्याआधी चार वर्षं ही यादी तिची होती. बाळ सात महिन्यांचं झाल्यावर ती परत आली, तर खुर्चीची उंची बदललेली, खणात दुसऱ्याच कुणाची पेन्सिल, आणि डॉक्टरीणबाई दारातून विचारायच्या ते “नवी, यादी झाली?” असं. तिला विचारायच्या ते बाळ कसं आहे, रात्री झोपू देतं का. सगळे तिच्याशी आजारातून उठलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलत. घरीही तेच. बाळ आता सासूबाईंच्या खांद्यावर पटकन झोपे, तिच्या खांद्यावर कुरकुरे. सासूबाई म्हणत, तू दमतेस गं, म्हणून. त्यांचं म्हणणं प्रेमाचंच असे, पण ते ऐकताना तिच्या हातातली दुपट्याची घडी उगाचच दोनदा मोडली जाई.

रजेत तिच्या जागी आलेली नवी संथ होती. यादी झाली की मूळ फाइल छापून घेई आणि एकेका ओळीखाली पेन्सिलीने टिंब देत बसे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. आज नवीच्या हातून काम घेत तिने मुद्दाम डॉक्टरीणबाईंसमोर म्हटलं होतं की द्या इकडे, दोन मिनिटांचं काम. आणि खरंच दोन मिनिटांत केलं. तिचा पासवर्ड रजेत बंद झाला होता, म्हणून यादीच्या तळाशी ‘तयार करणारे’ म्हणून नवीचं नाव आलं. तेही तिला टोचलं. डॉक्टरीणबाई यादीवरून नजर फिरवत म्हणाल्या, आज कुणालाच बोलवायला नको, छान. आणि शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेल्या.

पावणेदोनला नवी डबा घेऊन खाली गेली. नवीच्या टेबलावर छापलेला कागद उलटा ठेवलेला होता. उलटा का, हे तिच्या मनातून जाईना. चुका शोधून डॉक्टरीणबाईंना दाखवायचा बेत असणार. तिने दाराकडे बघितलं आणि कागद सुलटा केला.

तेरा ओळींखाली तेरा टिंबं. चौदाव्या ओळीतल्या आकड्याभोवती गोल. १९.४. आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘यादीत ९.४ दिसतंय. ताईंना विचारायचं. चहा झाल्यावर, मूड बघून.’

तिने यादी उघडली. चौदाव्या ओळीत ९.४ होतं, आजूबाजूच्या आकड्यांसारखंच निरुपद्रवी. तिने फाइल पुन्हा आणली. या वेळी ती तळापर्यंत गेली. वरच्या दहा ओळींत सगळे आकडे एकेरी होते, म्हणून तिने रेषा त्यांना अगदी चिकटवून ओढली होती. चौदाव्या ओळीतल्या १९.४ मधला १ रेषेच्या पलीकडे पडला, नळीच्या नंबरच्या कॉलममध्ये. आणि तो कॉलम तिने स्वतःच्या हाताने वगळला होता. तिने रेषा एक जागा डावीकडे सरकवली. सव्वीस ओळींत फक्त एक आकडा बदलला.

तिने त्या बाळाच्या आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. डॉक्टरीणबाईंसाठी विचारलं, तर शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाईने सांगितलं, अजून तासभर तरी लागेल, निरोप आत देते.

नवी डबा धुऊन आली, आणि टेबलावरचा सुलटा कागद बघून दारातच थांबली.

“मी सांगणार होते, ताई.”

“कधी?”

“तुम्ही सकाळी जरा…” नवीने वाक्य सोडून दिलं. “मशीनचीच चूक असेल असंही वाटलं. तुमची कशी होईल?”

तिने पडद्याकडे बघितलं. यादीच्या तळाशी नवीचं नाव होतं. कुणी विचारलं असतं तर ते नाव पुरेसं होतं, आणि उद्यापासून दारातली हाक कदाचित बदललीही असती. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं, अगदी रेषा ओढल्यासारखं स्वच्छ. तिने फोन हातात घेतला. घरोघरी फेरीवर गेलेल्या सिस्टरांना निरोप लिहायला लागली: आमच्याकडून यादीत चूक. मग ‘आमच्याकडून’ खोडलं.

नवी मागे उभी राहून वाचत होती. तिला बाजूला हो म्हणावंसं वाटलं. तिने म्हटलं नाही.

‘सिस्टर, माझ्याकडून यादीत चूक झाली आहे. चौदावी ओळ, आकडा १९.४ आहे, ९.४ नाही. रेषा मी चुकीच्या जागी ओढली. नवीचा यात दोष नाही, चूक तिनेच पकडली. बाळ तीन दिवसांचं आहे. आईचा फोन लागत नाही. ते घर तुमच्या फेरीत शेवटी असेल, तरी हे वाचताच आधी तिथे जा. बाळ काही त्रास देत नाही, छान झोपून असतं, असं आई दारातच सांगेल. तिचं ऐकू नका. आत जा, बाळाला उठवा, आणि ते दूध ओढतंय का बघा.’