डोकं सोडून बाकी सगळा पैलवान

मी एक जुना पैलवान आहे आणि गेल्या आठवड्यात माझं न्हाणीघराचं दार झालं. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते बोललेलो नाही. पुन्हा सुरुवात करू.

मी एक जुना पैलवान आहे. प्लायवूडचा. मला दंड आहेत, मांड्या आहेत, डोकं मात्र नाही. तिथे भोक आहे. त्यातून गिऱ्हाइकाने तोंड काढायचं आणि फोटोवाल्या काकांनी फोटो काढायचा, असा माझा व्यवसाय. माझ्या काखेत एक सिंह आहे. त्याला स्वतःचं डोकं आहे आणि त्याचा त्याला फार गर्व आहे.

मला काकांच्या मेहुण्याने रंगवलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सिंह त्याने कधी पाहिला नव्हता. शेजाऱ्यांचा कुत्रा पाहिला होता. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"याच्या काखेत काय आहे?"

"सिंह."

"मग तो शेपूट का हलवतोय?"

"पाळलेला आहे, भाऊजी."

भोकाची उंची मेहुण्याने स्वतःच्या मापाने धरली. तो बुटका. त्यामुळे उंच माणसांना माझ्यामागे गुडघे वाकवून उभं राहावं लागे. समोरून भरदार छाती, मागून लटपटते पाय. माणसांची ही दुसरी बाजू फक्त मला ठाऊक आहे आणि मी ती कधी कुणाला सांगितली नाही. आत्ता सांगितली तेवढीच.

दिवस मोठे छान होते. रविवारी माझ्यासमोर रांग लागे. एका किडकिडीत कारकुनाने तर माझ्या अंगासह काढलेला फोटो मुलीकडच्यांना पाठवला आणि लग्न जमवलं. पुढे दोघं जोडीने आले, तेव्हा बाईंनी स्वतः भोकात तोंड घातलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही माझी पिशवी धरा. घरात पैलवान कोण, ते एकदाचं कागदावर येऊ दे."

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. लोक स्वतःच्याच अंगाचे फोटो काढू लागले. लोकांचं धाडस बघून मला नवल वाटलं. माझ्यावर आधी छत्र्या टांगल्या गेल्या, मग सिंहावर कॅलेंडर.

आता दुकान काकांची मुलगी सांभाळते. ती मायाळू आहे, पण मागच्या न्हाणीघराला दार नव्हतं. तिने सुताराला बोलावलं. त्याने माझ्या छातीवर टकटक केलं आणि म्हणाला, "असा प्लाय आता मिळत नाही, ताई." इतक्या वर्षांत निव्वळ माझं कौतुक करणारा हा पहिलाच माणूस. मी फुगलो. मग त्याने पेन्सिलीने बिजागऱ्यांच्या खुणा केल्या.

तेवढ्यात काका आले. म्हणाले, "एक फोटो होऊ दे."

"कुणाचा?"

"माझा. मी यात कधी तोंडच घातलं नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही?"

"कॅमेरा कोण धरणार होतं? तुझी आई? ती सगळ्यांची डोकी कापायची."

ते उंच स्टूल घेऊन माझ्यामागे बसले. भोकातून चष्म्यासकट चेहरा पुढे आला. मित्रांनो, माझ्यावर आजवर पुष्कळ डोकी बसली, पण हे नेमकं बसलं. मुलीने फोनवर फोटो काढला.

"झालं, बाबा. या बाहेर."

"अजून एक काढ. मी हललो."

"नाही हललात."

"मग पुढच्यात हलेन. काढ."

तिने आणखी एक काढला. मग आणखी एक. करवत घेऊन उभा असलेला सुतार हळूच खाली बसला.

"किती वेळ बसणार आहात, बाबा?"

"तू काढत राहा. इथून आपलं दुकान फार छान दिसतंय गं."

मुलीने फोन खाली घेतला. मग तिने सुतारासाठी चहा सांगितला.

तरी संबंधितांनी नोंद घ्यावी, की अर्जदारास प्रदीर्घ सेवेनंतर कायमस्वरूपी डोकं प्राप्त झालं असून त्याबाबत सिंहाचीही हरकत नाही. सबब, सदर डोकं परत मागण्यात येऊ नये, आणि सुताराच्या कपातला चहा पुढील आदेश होईपर्यंत संपू देऊ नये, ही नम्र विनंती.